विश्लेषण : मूल लिहायला तयार झाले, हे कसे ओळखायचे? मारिया मॉन्टेसरींना रोममधल्या एका गच्चीवर काय दिसले?

साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल द्यावी का, या प्रश्नावर घराघरांत दोन तट पडतात. आजी म्हणते घाई कशाला, शाळा म्हणते ‘अ’चे पान उद्या पूर्ण करून पाठवा, आणि मूल पेन्सिल मुठीत आवळून रडकुंडीला येते. गंमत अशी, की ज्या शाळेतून ती वही घरी येते तिच्या पाटीवर अनेकदा ‘मॉन्टेसरी’ असेच लिहिलेले असते. खुद्द मारिया मॉन्टेसरी यांनी या प्रश्नाचे उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिले होते. लेखन कधी सुरू करायचे हे मुलाच्या वयावर ठरत नाही, त्याच्या हातावर ठरते आणि हाताची तयारी डोळ्यांना दिसू शकते, असे ते उत्तर आहे. तिथपर्यंत त्या कशा पोहोचल्या, याची ही गोष्ट.

मारिया मॉन्टेसरी कोण होत्या?

३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआराव्हाले या लहानशा गावात त्यांचा जन्म झाला. वडील अलेस्सांद्रो सरकारच्या वित्त खात्यात नोकरीला होते, आई रेनिल्दे वाचनाची आवड असलेली. वडिलांच्या बदलीमुळे कुटुंब आधी फ्लॉरेन्सला आणि मग रोमला आले. त्या काळी मुलीने शिकलेच तर शिक्षिका व्हावे, अशी रीत. मारियांनी तेराव्या वर्षी मुलांच्या तांत्रिक शाळेची वाट धरली, इंजिनीअर व्हायचे म्हणून. पुढे तो विचार सोडून त्यांनी वैद्यकीय शिक्षणाचा हट्ट धरला. वडिलांना तो पसंत नव्हता.

रोम विद्यापीठातली वर्षे सोपी नव्हती. पुरुष विद्यार्थ्यांसोबत एका स्त्रीने उघड्या मृतदेहाचे विच्छेदन करणे अशोभनीय मानले जाई. म्हणून वर्ग संपल्यावर, सगळे निघून गेल्यावर, त्यांना शवविच्छेदनाच्या खोलीत एकट्याने काम करावे लागे. १८९६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. इटलीत वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या सुरुवातीच्या मोजक्या स्त्रियांपैकी त्या एक. त्याच वर्षी बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत त्यांनी स्त्रियांना समान कामासाठी समान वेतन मिळावे, अशी बाजू मांडली.

लेखनाचे सूत्र मनोरुग्णालयात कसे सापडले?

विद्यापीठाच्या मनोरुग्ण चिकित्सालयात काम करताना त्यांना रोममधल्या वेड्यांच्या इस्पितळांत जावे लागे. तिथे मोठ्या रुग्णांसोबत बौद्धिक अक्षमता असलेली मुलेही कोंडलेली असत. त्यांना खेळायला, हाताळायला काहीच नसे. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज आहे, असे मारियांचे मत बनत गेले. फ्रान्समध्ये झाँ इतार आणि त्यांचे शिष्य एदुआर सेगाँ यांनी अशा मुलांसोबत पूर्वी काम केले होते. त्या दोघांचे लेखन मारियांनी फ्रेंचमधून इटालियनमध्ये स्वतःच्या हाताने अक्षर अन् अक्षर उतरवून काढले. प्रत्येक शब्दाचे वजन कळावे म्हणून.

१९०० साली रोममध्ये अशा मुलांसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी एक संस्था सुरू झाली. मारिया आणि डॉ. जुझेप्पे मोन्तेसानो तिचे सहसंचालक होते. तिथे अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिला शिवण आणि रफूकाम शिकवायचे होते. सुई धाग्याच्या वरून घालायची, मग खालून काढायची, एवढी पहिली पायरीही तिला जमेना. मारियांनी सुई-दोरा बाजूला ठेवला आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. एक पट्टी वरून, एक खालून. त्यात ती रमली. चटई सफाईने विणता येऊ लागल्यावर तिच्या हातात पुन्हा सुई दिली, तर रफू तिला आपसूक जमले.

प्रसंग साधा आहे, पण मॉन्टेसरींची लेखनाची सगळी पद्धत त्यातून निघाली. जे काम शिकवायचे ते थेट करून घेण्याआधी त्यातल्या हालचाली दुसऱ्या एखाद्या, मुलाला आवडणाऱ्या कामातून हातात बसवायच्या. मग तोच न्याय त्यांनी अक्षरांना लावला. त्यांनी लाकडात वळणदार अक्षरे कोरून घेतली. स्वर लाल, व्यंजने निळी. मुले त्या अक्षरांवरून बोट फिरवत, लिहिताना हात जसा फिरतो तसाच. काही मुले लिहा-वाचायला शिकली आणि सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. त्यांचे कौतुक झाले. मारियांना मात्र वेगळाच प्रश्न पडला. या मुलांना हे जमते, तर धडधाकट मुलांना नेहमीच्या शाळांत असे काय केले जाते, की ती यांच्याच पातळीवर थांबतात?

याच काळात त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट घडली होती. ती जगापासून लपवलेली होती. मोन्तेसानो आणि त्यांचा मुलगा मारिओ १८९८ मध्ये जन्मला. लग्न झाले नाही. बाळाला रोमबाहेर खेड्यातल्या एका कुटुंबाकडे वाढवायला दिले गेले. मारिया अधूनमधून त्याला भेटायला जात, पण आई म्हणून नाही. मोन्तेसानो यांनी पुढे दुसरीशी लग्न केले, तेव्हा मारिया संस्था सोडून बाहेर पडल्या. दुसऱ्यांच्या मुलांकडे तासन् तास पाहत बसणारी ही बाई स्वतःच्या मुलाच्या हातात पहिली पेन्सिल कधी आली, हे पाहू शकली नाही.

सान लोरेन्झोमध्ये काय सुरू झाले?

रोमच्या सान लोरेन्झो भागात गरीब कामगारांची दाट वस्ती होती. एका गृहनिर्माण कंपनीने तिथल्या पडीक इमारती दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आई-बाप दिवसभर कामावर, आणि शाळेत जाण्याइतकी मोठी नसलेली मुले जिन्यांत धुडगूस घालत, भिंती खरवडत. या मुलांना एका खोलीत सांभाळले तर दुरुस्तीचा खर्च वाचेल, असा व्यावहारिक हिशेब कंपनीचे संचालक एदोआर्दो तालामो यांनी केला आणि मारियांना बोलावले. ६ जानेवारी १९०७ रोजी ‘कासा देई बाम्बिनी’, म्हणजे बालकांचे घर, सुरू झाले. तीन ते सात वर्षांची सुमारे पन्नास मुले होती. प्रशिक्षित शिक्षिका नव्हती, शाळेचे बाक नव्हते. मारियांनी आपली साधने तिथे नेऊन ठेवली आणि मुले काय करतात ते पाहायला सुरुवात केली.

लेखन शिकवण्याचा त्यांचा अजिबात बेत नव्हता. सहा वर्षांच्या आत लिहिणे-वाचणे टाळावे, शक्य तितके पुढे ढकलावे, असा समज त्या काळी सर्वत्र होता आणि त्यांचाही तोच होता. पण मुले मागे लागली. ज्यांना स्वतःला लिहिता येत नव्हते अशा आयाही येऊन विनवू लागल्या. अखेर मारिया तयार झाल्या.

जुन्या लाकडी अक्षरांचा नवा संच करायला कारागीर मिळेना, खर्चही परवडेना. म्हणून त्यांनी सँडपेपर, म्हणजे आपल्याकडचा पॉलिश पेपर, अक्षरांच्या आकारात कापून गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवला. साध्या कागदाचीही अक्षरे कापली. आधी त्यांना त्या देखण्या लाल-निळ्या अक्षरांची हळहळ वाटली होती. पण ही स्वस्तातली अक्षरे जास्त कामाची ठरली. बोटाला खरखरीतपणा लागला की अक्षराची वाट कळे, आणि बोट घसरून गुळगुळीत पुठ्ठ्यावर गेले की मुलाचे मुलालाच चुकल्याचे समजे. शिवाय कागदी अक्षरे हवी तितकी कापता येत. त्यामुळे मुले ती जमिनीवर मांडून शब्द जुळवू लागली. लिहिता येत नसताना शब्द ‘रचता’ येऊ लागले.

डिसेंबरच्या त्या दिवशी काय घडले?

१९०७ चा डिसेंबर. हवा वसंतासारखी, स्वच्छ ऊन. मारिया मुलांना घेऊन इमारतीच्या गच्चीवर गेल्या होत्या. शेजारी धुराडे होते. त्यांनी पाच वर्षांच्या एका मुलाला खडू दिला आणि ते धुराडे काढायला सांगितले. त्याने गच्चीच्या फरश्यांवर ओबडधोबड चित्र काढले. मारियांनी नेहमीप्रमाणे शाबासकी दिली. मुलाने त्यांच्याकडे पाहिले, क्षणभर थबकला, आणि एकदम ओरडला की त्याला लिहिता येते. मग त्याने गुडघे टेकून ‘हात’ हा शब्द लिहिला, पाठोपाठ ‘धुराडे’ आणि ‘छप्पर’. आरडाओरडा ऐकून बाकीची मुले जमली. दोघा-तिघांनी खडू मागितला आणि त्यांनीही शब्द लिहिले. त्यांतल्या कोणीही त्याआधी लिहायला हातात काही घेतले नव्हते.

पुढचे काही दिवस मुले झपाटल्यासारखी लिहीत होती. फरशीवर, दारांवर, भिंतींवर. घरी पावाच्या कडक सालीवरही लिहीत. हे थोपवायला काही आयांनी कागद-पेन्सिल आणून दिली. एका मुलाने दिवसभर, संध्याकाळभर लिहिले आणि वही-पेन्सिल हातात धरूनच तो झोपी गेला. नंतरच्या काळात हा पूर ओसरला. आजूबाजूला लिहिणारी मुले दिसत असल्याने नव्या मुलांचे लेखन शांतपणे सुरू होऊ लागले.

वरवर पाहता हा चमत्कार वाटतो. मारियांना तो तसा वाटला नाही. मुलांचे हात कित्येक आठवडे, वेगवेगळ्या कामांतून, लिहायलाच शिकत होते. फक्त ते लेखन आहे, हे मुलांना ठाऊक नव्हते.

तयारीच्या तीन खुणा कोणत्या?

१९०९ मध्ये आलेल्या आपल्या पहिल्या मोठ्या पुस्तकात मारियांनी लेखनाची फोड केली. लिहायला दोन वेगळ्या गोष्टी लागतात. एक, लेखणी धरून ती ताब्यात ठेवणे. दुसरी, अक्षराचा आकार काढणे. नेहमीच्या शाळेत दोन्हींचा भार एकाच वेळी मुलाच्या बोटांवर पडतो, वर ओळीचेही भान ठेवायचे. मॉन्टेसरी शाळेत हे वेगळे केले गेले. लाकडी दट्ट्यांच्या बारीक मुठी तीन बोटांत धरून ते खाचांत बसवताना पेन्सिलीची पकड तयार होई. धातूच्या चौकटीतून वर्तुळ, त्रिकोण असे आकार काढून ते रंगीत पेन्सिलीच्या रेघांनी भरताना हातावर ताबा येई. आणि सँडपेपरच्या अक्षरांवर बोट फिरवताना आकार अंगवळणी पडे. उभ्या-आडव्या रेघांची पाने भरून घेणे त्यांना मान्य नव्हते. नुसती सरळ उभी रेघ मारणे हेच लहान हाताला फार अवघड असते, असे त्यांचे निरीक्षण होते.

मग मूल तयार झाले, हे शिक्षिकेने ओळखायचे कसे? मारियांनी तीन गोष्टी पाहायला सांगितल्या. पहिली, आकार भरताना मुलाच्या रेघा कशा पडतात. सुरुवातीला त्या सैरभैर असतात, कडेबाहेर जातात. त्या एकमेकींना समांतर आणि नेटक्या पडू लागल्या की हात स्थिर झाला. दुसरी, डोळे मिटून बोटाने चाचपल्यावर अक्षर ओळखता येते का. येत असेल, तर आकार स्नायूंच्या स्मरणात गेला आहे. तिसरी, सुटी अक्षरे मांडून शब्द जुळवताना मूल अडखळते की झपाझप अक्षरे उचलते. तिथे ते रेंगाळत नसेल, तर ऐकलेल्या शब्दातले ध्वनी त्याला सुटे करता येतात.

खरे शहाणपण यापुढच्या सूचनेत आहे. तिन्ही खुणा दिसल्या तरी लगेच लिही म्हणायचे नाही. निदान एक आठवडा थांबायचे, मूल आपणहून लिहिते का ते पाहायचे. त्यानंतरही सुरुवात झाली नाही तरच सुचवायचे. आणि लिहिताना अक्षर चुकले, तर वहीवर लाल रेघ मारायची नाही. मुलाला पुन्हा सँडपेपरच्या अक्षराकडे पाठवायचे. म्हणजे दुरुस्ती लेखनात नव्हे, लेखनाच्या तयारीत करायची.

त्यांच्या नोंदींनुसार पूर्वतयारीच्या पहिल्या कामापासून पहिला शब्द लिहीपर्यंत चार वर्षांच्या मुलाला महिना-दीड महिना लागे, पाच वर्षांच्या मुलाला साधारण महिना. हे आकडे वाचून उद्यापासून वेळापत्रक आखणाऱ्या पालकांनी एक लक्षात घ्यावे. ही मुले दिवसातले कित्येक तास हातांनी काम करत होती. पाणी ओतणे, बटणे लावणे, फरशी पुसणे यांतही हातच घडत होते.

हे सगळे जसेच्या तसे मानायचे का?

नाही. गच्चीवरचा प्रसंग खुद्द मारियांनीच सांगितला आहे. बाहेरच्या कोणी त्या वर्गाची रीतसर चाचणी घेतली नव्हती. १९१४ मध्ये अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ विल्यम किलपॅट्रिक यांनी त्यांच्या पद्धतीवर पुस्तकच लिहिले आणि इंद्रिय-शिक्षणाची त्यांची कल्पना कालबाह्य ठरवली. त्यामुळे तिथला गाजावाजा बराच थंडावला. भाषेचाही मुद्दा आहे. इटालियन बहुतांशी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते, म्हणून ध्वनी आणि अक्षर कळले की शब्द लिहिता येतो. इंग्रजीत तसे होत नाही. मराठी या बाबतीत इटालियनच्या जवळची, पण वेलांट्या आणि जोडाक्षरे यांचे जादा ओझे मराठी मुलावर पडतेच.

वयाचा मुद्दाही सरसकट सोडता येत नाही. मुलांच्या वाढीचा अभ्यास करणारे आज आकारांच्या नकलेवरून अंदाज घेतात. समोरचे वर्तुळ पाहून काढणे साधारण तिसऱ्या वर्षी जमते, अधिकचे चिन्ह चौथ्याच्या आसपास, चौकोन साडेचार-पाचला, आणि तिरक्या रेघांचा त्रिकोण बहुधा पाचनंतर. एखादे मूल सहा महिने मागे-पुढे असणे यात काहीच वावगे नाही. तिरकी रेघ जमत नसलेल्या मुलाकडून ‘र’ गिरवून घेण्याचा आग्रह कशासाठी, हा प्रश्न मात्र उरतो.

मारियांचे भारताशी नाते काय?

१९१२ मध्ये आईचे निधन झाले, त्यानंतर मारियांनी किशोरवयीन मारिओला आपल्याजवळ आणले. तो पुढे आयुष्यभर त्यांच्या कामात सोबत राहिला, पण बरीच वर्षे त्याची ओळख पुतण्या किंवा दत्तक मुलगा अशी करून दिली जाई. इटलीत मुसोलिनीने आधी त्यांच्या शाळांना आश्रय दिला. मारियांनीही तो स्वीकारला, आणि त्यावरची टीका त्यांच्या वाट्याला योग्यच आली. १९३४ पर्यंत संबंध तुटले, शाळा बंद पडल्या. त्या स्पेनला गेल्या. १९३६ मध्ये तिथे यादवी पेटली, तेव्हा नेदरलँड्सला गेल्या.

१९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासजवळच्या अड्यारला शिक्षकांचा वर्ग घ्यायला आल्या. वय ६९. थोडेच महिने राहायचे होते. १९४० च्या जूनमध्ये इटली युद्धात उतरली आणि ब्रिटिशांच्या लेखी आई-मुलगा शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारियांना अड्यारच्या आवारात राहण्याची मुभा मिळाली, मारिओला मात्र अहमदनगरच्या छावणीत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये, स्थानबद्ध केले गेले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला, मारियांच्या सत्तराव्या वाढदिवशी, सरकारने त्याला सोडले. तसे कळवणाऱ्या व्हाइसरॉयच्या तारेत त्याचा उल्लेख त्यांचा मुलगा असाच होता. पुढे कोडाईकनालला आणि इतरत्र त्यांनी वर्ग घेतले. १९४६ मध्ये त्या युरोपला परतल्या, नंतर पुन्हा आल्या. या काळात भारतात हजाराहून अधिक शिक्षक त्यांच्याकडून शिकले.

गांधीजी आणि त्या ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडनला भेटल्या होत्या. आपले अक्षर वाईट असल्याची खंत गांधीजींनी आत्मकथेत नोंदवली आहे. मुलांना आधी चित्रकला शिकवावी आणि फुले-पाखरे पाहून काढतात तशी अक्षरेही मग काढू द्यावीत, असे त्यांचे मत होते. ते त्या मताला स्वतःच्या अनुभवातून आले होते.

महाराष्ट्रात हा विचार कोणी आणला?

मारिया भारतात येण्याच्या कितीतरी आधी त्यांची पुस्तके इथे पोहोचली होती. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक तिथे त्यांच्या सोबतीला गेल्या आणि १९२६ मध्ये दोघांच्या पुढाकाराने नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. मॉन्टेसरींची साधने महाग. खेड्यातल्या आणि आदिवासी पाड्यांतल्या मुलांना ती परवडणार नाहीत, हे ताराबाईंनी ओळखले. १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, बिया, दगड, पाने यांचीच साधने केली. बिया बोटांच्या चिमटीत उचलून वेगळ्या करणारे मूल लाकडी दट्ट्याची मूठ धरणाऱ्या मुलापेक्षा काही वेगळे करत नव्हते.

आज पाटीवर मॉन्टेसरी लिहायला कोणाची परवानगी लागत नाही. त्यामुळे नावावरून शाळेत काय चालते ते कळत नाही. प्रवेश घेण्याआधी लहान गटाच्या वर्गात डोकावले तर कळते. मुलांच्या हातात पीठ, माती, मणी, कात्री, बुट्टी-वाटी दिसते की नुसत्या चार रेघी वह्या? घरीही मारियांच्या तिन्ही खुणा फुकटात पाहता येतात. चित्र रंगवताना रेघा कशा पडतात, रव्याच्या ताटात किंवा पाठीवर बोटाने काढलेले अक्षर मुलाला न बघता ओळखता येते का, आणि ‘कमळ’ म्हटल्यावर त्यातला ‘म’ त्याला ऐकू येतो का.

मारिया मॉन्टेसरी ६ मे १९५२ रोजी नेदरलँड्समधल्या नोर्डव्हेक या समुद्रकाठच्या गावी वारल्या. तेव्हा मारिओ सोबत होता, आणि आफ्रिकेला जाण्याचे बेत चालले होते. मृत्युपत्रात त्यांनी मारिओचा उल्लेख आपला मुलगा असा केला होता.